शब्दांखालचे स्वर : गिटार शिकल्याने गीतरचना कशी बदलते

विदर्भातील भजनी मंडळांच्या वह्यांत आणि जत्रेत विकल्या जाणाऱ्या छोट्या भजनपुस्तिकांत अनेक गीतांच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द असतो आणि त्यापुढे एखाद्या गाजलेल्या गाण्याचे नाव दिलेले असते. शब्द नवे आणि चाल उसनी, अशी ही पद्धत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावासारख्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सव, भीमजयंती, लग्न, पुण्यतिथी अशा प्रत्येक प्रसंगासाठी गीते लिहिणारी माणसे असतात. त्यांच्याकडे शब्द असतात, आवाज असतो, टाळ-खंजिरीवर पोसलेला तालही असतो, आणि तरीही स्वतःची चाल मात्र सहजी सुचत नाही. हे कोडे जुने आहे. त्याला जोडून दुसरे कोडे असे, की हाच गीतकार काही महिने गिटारची शिकवणी लावून जेमतेम चार कॉर्ड शिकतो, तेव्हा त्याच्या चाली तर बदलतातच, पण कित्येकदा शब्दही बदलू लागतात. वाद्य शब्द शिकवत नाही; मग हा बदल येतो कोठून, याचा उलगडा या लेखात केला आहे.

उसनी चाल नेमकी का बसते

मराठी पद्यरचना मोजमापावर उभी आहे. काही प्रकारांत अक्षरे मोजली जातात, काहींत मात्रा. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचे एकक : ऱ्हस्व अक्षर लघु म्हणून एका मात्रेचे, दीर्घ अक्षर गुरू म्हणून दोन मात्रांचे, आणि जोडाक्षराचा आघात मागील ऱ्हस्व अक्षरावर आला तर तेही गुरू ठरते. दोन गीतांचे मोजमाप सारखे असेल, तर एकाची चाल दुसऱ्याला बहुधा बसते. अमरावतीचे सुरेश भट (१९३२–२००३) यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नव्या कवींना ज्या शिस्तीचा आग्रह धरला, तिच्यात प्रत्येक ओळीचा लघु-गुरू क्रम सारखा ठेवणे हा पहिला धडा होता. त्यामुळेच एका शेराला लागलेली चाल पुढील सर्व शेरांना लागू पडते.

जात्यावरच्या ओवीतही हेच आढळते, फक्त तेथे मोजमाप हात करतो. जात्याच्या फेऱ्याने ओळीची लांबी ठरते, श्वास ठरतो आणि कोठे थांबायचे तेही ठरते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनांत ते काम खंजिरीने केले. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या आणि मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी पोहोचलेल्या महाराजांनी ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ ग्रंथरूपाने दिली, पण शेकडो गावांच्या कानावर ते आधी आले ते खंजिरीच्या साथीने. जमलेल्या साऱ्या लोकांनी लगेच उचलावी अशी आटोपशीर, ताल पक्का धरणारी ओळ हे त्या वाद्याला शोभणारे रूप होते.

मात्र खंजिरी आणि टाळ वेळ देतात, स्वर देत नाहीत. केवळ तालाच्या आधारे लिहिणाऱ्याला ओळीची लांबी अचूक कळते. ओळ स्वरांतून कोणत्या वाटेने न्यावी याचे पर्याय मात्र त्याच्यासमोर उघडे नसतात. म्हणून तो कानात आधीपासून वसलेल्या वाटेने जातो, आणि ती वाट बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गाण्याची असते. पेटी शिकलेल्या गीतकाराची ही अडचण बरीच कमी होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. गिटार त्यापुढे आणखी एक गोष्ट देते : एकाच हाताच्या फटक्यात ताल आणि अनेक स्वर एकत्र वाजतात, आणि तोंड गाण्यासाठी मोकळे राहते.

तार, पडदे आणि सात स्वर

गिटारला सहा तारा असतात. प्रचलित पद्धतीने लावल्यास सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा, म्हणजे दोघींमध्ये पूर्ण दोन सप्तकांचे अंतर असते. तारांखालील लांब दांडीवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात; सतार वाजवणारे त्यांना पडदे म्हणतील. पडद्यामागे बोट दाबले की तारेचा कंप पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. तारेची लांबी ६५ सेंटिमीटर असेल, तर पहिला पडदा टोकापासून साधारण ३.६५ सेंटिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२.५ सेंटिमीटरवर, तेथे तार निम्मी झाल्याने कंपनसंख्या दुप्पट होते आणि मोकळ्या तारेचा ‘सा’ वरच्या सप्तकातील ‘सा’ होतो. पाचव्या पडद्यावर तारेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उरतो व शुद्ध मध्यम मिळतो. सातव्यावर सुमारे दोन तृतीयांश भाग उरतो व पंचम मिळतो.

एका पडद्याचे अंतर म्हणजे अर्धा स्वर. ‘सा’पासून शुद्ध ‘ग’ चार पडद्यांवर आहे, आणि त्या ‘ग’पासून ‘प’ तीन पडद्यांवर. शिकवणीच्या पहिल्या काही आठवड्यांत एवढे जरी डोळ्यांना आणि बोटांना उमगले, तरी गीतकाराच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट येते : जी चाल आजवर केवळ ओघ म्हणून कानात होती, तिचे टप्पे आता मोजता येतात. मोजता आलेली गोष्ट बदलता येते. एखादी ओळ ‘प’वर संपते हे कळले, की ती ‘ग’वर संपवून पाहण्याचा विचार मनात येऊ शकतो, आधी तो येण्याला जागाच नव्हती.

एकच स्वर, तीन घरे

तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या समूहाला कॉर्ड म्हणतात. ‘सा’, शुद्ध ‘ग’ आणि ‘प’ एकत्र वाजले तर मेजर कॉर्ड होते. मधला ‘ग’ कोमल केला तर मायनर. अर्ध्या स्वराच्या या फरकाने पहिली कॉर्ड मोकळी, उजळ वाटते आणि दुसरी अंतर्मुख, असा बहुतेक श्रोत्यांचा अनुभव आहे. त्यात सवयीचा वाटा किती आणि ध्वनीचा किती, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल.

गिटारच्या शिकवणीत सुरुवातीला जी मेजर, सी मेजर, डी मेजर आणि ई मायनर या चार कॉर्ड हमखास येतात. पाश्चात्त्य ‘जी’ला, म्हणजे पेटीवरील पांढरी पाचला, ‘सा’ मानले तर या चौघींची आपल्या भाषेतील नावे अशी होतात : सा-ग-प, म-ध-सा, प-नी-रे आणि ध-सा-ग. चारपैकी तिघींत ‘सा’ आहे. पहिलीत तो पाया आहे, दुसरीत वरचा आधार आहे आणि चौथीत मधला स्वर आहे. तीच स्त्री माहेरी लेक, सासरी सून आणि भाच्यांच्या घरी मामी असते, तिच्या बोलण्याचालण्याची तऱ्हा त्या-त्या घरात बदलते, तसाच गळ्यातला ‘सा’ तिळभरही न हलता खालच्या कॉर्डनुसार निराळा भासतो.

याचा गीतरचनेशी संबंध पाहण्यासाठी, केवळ उदाहरण म्हणून रचलेल्या दोन अष्टाक्षरी ओळी घ्याव्यात : ‘पऱ्हाटीला बोंड आले, भाव मात्र पडलेला’. पहिल्या ओळीतील ‘ले’ हे अक्षर ‘सा’वर विसावते असे समजावे. त्याखाली सा-ग-प वाजली, तर बोंड आल्याची बातमी पूर्ण आणि समाधानाची वाटते. दुसरी ओळ येईपर्यंत श्रोत्याला चिंतेची चाहूल लागत नाही, आणि ती येते तेव्हा धक्का बसतो. त्याच ‘सा’खाली ध-सा-ग वाजली, तर बोंड आले असे शब्द म्हणत असताना स्वर मात्र काहीतरी बिनसल्याचे आधीच सांगून जातात. म-ध-सा वाजली, तर वाक्य संपूनही बोलणे संपलेले नाही असे वाटते आणि कान पुढच्या ओळीची वाट पाहतो. चाल एकच, शब्द तेच, आणि अर्थाच्या छटा मात्र तीन. ज्याने हे एकदा स्वतःच्या ओळीवर करून पाहिले, त्याला मनातील दुःख सांगण्यासाठी ‘दुःख’ हा शब्द लिहावाच लागतो असे राहत नाही. गिटार शिकल्यावर शब्द बदलू लागतात ते या कारणाने : काही अर्थ कॉर्डने उचलला, की तेवढे शब्द मोकळे होतात. गीतकाराला शिकवणीतून मिळणारा सर्वांत मोठा लाभ हाच होय.

हे सर्व ग्रामीण मराठी कानाला परके आहे, अशी शंका घेतली जाते, पण ती टिकत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चशी जोडलेल्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मोठ्या संख्येने आले, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या वाद्यसंयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चालींखाली कॉर्डची बैठक घातली. ती गाणी आकाशवाणीवरून आणि लग्नाच्या बँडमधून गावोगावी पोहोचली. ज्या चाली भजनपुस्तिकांनी उसन्या घेतल्या, त्यांतील कित्येक चालींबरोबर कॉर्डचा संस्कारही कानावर होऊन गेला आहे. शिकवणीत हाताला जे नवे वाटते, ते कानाने दोन-तीन पिढ्या ऐकलेले असते.

चौकट : तीन कॉर्ड, सात स्वर
सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन कॉर्डमधील स्वर एकत्र केले तर सा, रे, ग, म, प, ध, नी हे सातही शुद्ध स्वर मिळतात. म्हणून शुद्ध स्वरांत बांधलेल्या चालीतील कोणत्याही स्वराखाली या तिघींपैकी एक तरी कॉर्ड जुळते. कोमल स्वर असलेल्या चालींना वेगळ्या कॉर्ड लागतात. गायकाचा ‘सा’ निराळा असेल, तर दांडीवर कॅपो नावाचा चिमटा लावतात. तो सर्व तारा एकदम आखूड करतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून जी मेजरचा आकार धरला, तर ‘सा’ काळी चार होतो. त्याच जागी सी मेजरचा आकार धरला, तर काळी एक.

उजवा हात आणि सम

डावा हात स्वर निवडतो, उजवा वेळ चालवतो. तारांवरून हात वर-खाली फिरवण्याला स्ट्रमिंग म्हणतात. आठ मात्रांच्या केहरव्यात खाली, वर, खाली, वर असे आठ फटके सरळ बसतात. पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, जाड तारांवर जोर दिला आणि पाचवीला, म्हणजे कालाला, हात हलका ठेवला, की भजनी ठेक्याच्या जवळ जाणारी चाल हाताला मिळते. दुर्दैवाने अनेक शिकवण्यांत पाश्चात्त्य पठडीचे साचेच घोटून घेतले जातात; मराठी गीते लिहू इच्छिणाऱ्याने केहरवा आणि सहा मात्रांचा दादरा हे दोन ठेके गिटारवर आग्रहाने मागून घ्यावेत.

‘पऱ्हाटीला बोंड आले’ या ओळीत आठ अक्षरे आहेत. ओळ समेपासून उचलली, तर ‘प’ समेवर येतो आणि जोर पऱ्हाटीवर पडतो. तीच ओळ पाचव्या मात्रेपासून उचलली, तर ‘पऱ्हाटीला’ हा शब्द समेच्या अलीकडे संपतो आणि ‘बोंड’मधील ‘बों’ नेमका समेवर येतो. आता बातमी बोंडाची झाली. दुसऱ्या मात्रेपासून उचलली, तर शेवटचे ‘ले’ पुढील आवर्तनाच्या समेवर जाऊन बसते आणि सारा भर येण्याच्या घटनेवर जातो, मग ती उशिरा घडली असावी असेही सुचवता येते. यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकातून शब्दांच्या अर्थाला जपणारी चाल आणि तसे गाणे यांचा पुरस्कार केला; त्या विचाराचा हाताने घ्यायचा पहिला पाठ म्हणजे उचलीची जागा बदलून पाहणे. टाळांच्या गजरातही हे शक्य असते, पण तेथे सगळ्या मंडळाला एकत्र बदलावे लागते. एकट्याने, दार लावून, पाच मिनिटांत तीन पर्याय तपासण्याची सोय गिटार देते.

उजव्या हाताचा आणखी एक परिणाम शब्दांवर होतो, आणि त्याकडे क्वचितच लक्ष जाते. साथीशिवाय लिहिताना ओळीत थोडी जागा उरली, तर ती शांतता चुकीची वाटते आणि गीतकार ‘रे’, ‘हो’, ‘गं’, ‘तो’ अशा भरतीच्या अक्षरांनी ती बुजवतो. गिटारचा ठेका चालू असला, की शब्द थांबले तरी वेळ थांबत नाही. दोन मात्रा रिकाम्या सोडल्या तरी गाणे तुटत नाही, उलट आधीचा शब्द ऐकणाऱ्याच्या मनात मुरायला अवधी मिळतो. ठेक्यावर लिहू लागलेल्या गीतकाराच्या वहीत भरतीची अक्षरे हळूहळू कमी होतात.

ध्रुवपदाकडे परतताना

कडवे संपवून ध्रुवपदावर कसे यावे, ही नवख्या गीतकाराची नेहमीची अडचण असते. त्याचे उत्तर प-नी-रे या कॉर्डमध्ये आहे. तिच्यातील शुद्ध ‘नी’ हा ‘सा’च्या केवळ अर्ध्या स्वराने खाली असल्यामुळे कानाला ‘सा’ची ओढ लागते. कडव्याची शेवटची ओळ या कॉर्डवर थांबवली आणि ध्रुवपद सा-ग-पवर उचलले, तर परतणे आपोआप घडल्यासारखे वाटते.

गिटार कोठे अपुरी पडते

पडदे कायमचे बसवलेले असल्यामुळे गिटारवरील स्वर सप्तकाचे बारा समान भाग करून ठरतात. ‘सा’ सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो, गिटारवरचा मात्र सुमारे ३०२.४ चा, म्हणजे किंचित चढा. पंचमात हा फरक नगण्य आहे : ३६० आणि सुमारे ३५९.६. पेटीचीही हीच अडचण आहे, आणि १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्यामागील आक्षेपांत या स्थिर स्वरांचा आक्षेप प्रमुख होता. ओवीत किंवा अभंगात गळा स्वरांच्या मधल्या जागांवरून जी मींड घेतो, ती पडद्यांच्या वाद्यावर पुरती येत नाही. रागावर आधारलेल्या चालीखाली सतत कॉर्ड बदलत राहिल्यास ‘सा’चे स्थान डळमळते आणि रागाचा भाव विरतो, अशा चालीला ‘सा’ आणि ‘प’ एवढेच वाजवत राहणे अधिक योग्य.

दुसरा धोका हाताच्या सवयीचा आहे. चार कॉर्ड ठरावीक क्रमाने फिरवण्याची बोटांना सवय लागली, की प्रत्येक नवे गीत त्याच चाकोरीत पडते, आणि उसन्या चालीतून सुटलेला गीतकार उसन्या कॉर्डमालिकेत अडकतो. यावर उपाय असा, की ओळ आधी वाद्याविना गुणगुणावी, तिचे स्वर एकाच तारेवर शोधावेत आणि कॉर्ड सर्वांत शेवटी निवडावी. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांचा दाखला येथे उद्बोधक आहे. वयाच्या नवव्या वर्षी झालेल्या पोलिओने त्यांच्या डाव्या हातातील जोर कमी झाला. नेहमीचे कॉर्डचे आकार धरणे जड जाऊ लागल्याने त्यांनी गिटारच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत लावून घेतल्या, आणि त्यातून इतरांच्या हाताला न सुचलेल्या चाली निघाल्या.

शिकवणीत काय मागावे

बाभुळगावच्या गीतकाराने यवतमाळला जाऊन शिकवणी लावली किंवा मोबाइलवर धडे घेतले, तरी आपला हेतू गीतरचना आहे हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावे. प्रसिद्ध गाण्यांचे तुकडे वेगाने वाजवण्यापेक्षा स्वतःच्या वहीतील दोन जुन्या गीतांना कॉर्ड लावण्याचे काम मागावे. पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात, कॉर्ड बदलताना हात अडखळतो आणि सारे लक्ष तिकडेच जाते. त्या काळात नवे लिहिण्याचा हट्ट न धरता, शब्द तयार असलेल्या गीतांवरच प्रयोग करणे हिताचे. नायलॉनच्या तारांची गिटार बोटांना सोसवते, पण तिचा आवाज मृदू असतो; मंडळाच्या टाळांसोबत वाजवायचे असेल तर धातूच्या तारा घ्याव्यात. विदर्भाच्या हवेत वाद्याची काळजीही निराळी लागते : मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासच्या कोरड्या उष्णतेने लाकूड आकसते, पावसाळ्यात ते ओल शोषून फुगते, आणि दोन्ही वेळा तारा उतरतात किंवा चढतात, त्यामुळे दर बैठकीपूर्वी तारा लावून घेणे आणि गिटार कूलरच्या थेट झोतात न ठेवणे आवश्यक असते.

शिकवणीतून मिळालेले स्वरज्ञान आणखी एका कामी यावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या गेल्या. पण गावागणिक, घरागणिक बदलणाऱ्या चाली शब्दांइतक्या सहज कागदावर येत नाहीत, आणि जाते फिरवलेल्या पिढीतील स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. ज्याला तारेवर ‘ग’ आणि कोमल ‘ग’ ओळखता येतो, त्याला घरातील आजीची ओवी ऐकून ती सा-रे-गमध्ये उतरवता येईल. विष्णू नारायण भातखंडे यांच्या पद्धतीची साधी स्वरलिपी त्यासाठी पुरेशी आहे. गिटार शिकणाऱ्या प्रत्येक गीतकाराने आपल्या वहीची पहिली काही पाने या चालींसाठी राखून ठेवावीत आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.